ठरावातले ‘शुद्ध’ पाणी

मराठी साहित्याच्या अभ्यासकांनी गेल्या काही दशकांत ‘संहिता’ या संज्ञेची व्याप्ती बरीच वाढवली. जाहिरात, चित्रपटाचे भित्तिपत्रक, लग्नपत्रिका, ट्रकच्या पाठीवरची वाक्ये, हे सारे आता चर्चासत्रांत संहिता म्हणून वाचले जाते. या रुंदावलेल्या वर्तुळातही एका कागदाला अद्याप प्रवेश मिळालेला नाही. तो कागद म्हणजे नगरपंचायतीच्या सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त. तो रुक्ष आहे, साचेबंद आहे, त्याला लेखक नाही, म्हणून तो आपला नाही, असे आपण धरून चाललो आहोत. प्रस्तुत लेखाचे म्हणणे याच्या उलट आहे. हा कागद आपला आहे, त्यातले मराठी आपणच शिकवलेले आहे, आणि त्या मराठीतल्या दोषांची किंमत माणसे आपल्या दातांनी आणि हाडांनी चुकवत आली आहेत.

उदाहरणादाखल हिंगणा घेऊ. नागपूरच्या नैऋत्येचे, वेणा नदीकाठचे हे तालुक्याचे गाव. शेजारी एमआयडीसी, वानाडोंगरी, नीलडोह, डिगडोह. नागपूर मेट्रोची एक मार्गिका हिंगणा मार्गावरच्या लोकमान्य नगरपर्यंत येऊन थांबते. तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करण्याचे धोरण राज्याने २०१४ नंतर राबवले, त्यात हिंगणाही आले. ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपंचायत ही संस्था निर्माण केली ती खेडे उरले नाही आणि शहर झाले नाही अशा संक्रमणातल्या वस्तीसाठी. त्याच दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत घरगुती, औद्योगिक व वाणिज्यिक वापराचा पाणीपुरवठा हा पाचव्या क्रमांकाचा विषय आहे. म्हणजे गावाच्या तोंडी जाणाऱ्या पाण्याबद्दल बोलण्याचा अधिकार आणि जबाबदारी १७ निवडून आलेल्या माणसांच्या सभागृहाकडे आहे. हिंगण्यातली अमुक एक सभा, तिथली सत्ता, तिथले पक्ष हा येथे विषय नाही. विषय आहे तो अशा सभागृहांतून निघणाऱ्या कागदाच्या जातीचा.

अशा सभेची विषयपत्रिका ज्याने एकदा वाचली त्याला ती पुन्हा वाचावी लागत नाही. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, जमाखर्चास मंजुरी, नालीसफाईची निविदा, पथदिव्यांची दुरुस्ती, आठवडी बाजाराचा लिलाव, पाणीपट्टीची थकबाकी, हातपंपांची देखभाल, आणि शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय. पाण्याच्या विषयाखाली जे लिहिले जाते त्याचा साचाही ठरलेला असतो: नागरिकांना शुद्ध व पुरेसा पाणीपुरवठा होण्याच्या दृष्टीने योग्य ती कार्यवाही करण्यात यावी, सर्वानुमते मंजूर. या साच्यातला प्रत्येक शब्द तपासण्यासारखा आहे. त्यातही सर्वांत धोक्याचा शब्द ‘शुद्ध’.

तो का धोक्याचा, हे फ्लोराइडच्या उदाहरणावरून जितके स्पष्ट होते तितके अन्य कशावरूनही होत नाही. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, पिणाऱ्याला जाणवेल अशी चव नाही. नितळ काचेसारख्या पाण्यात ते असते. ब्लीचिंग पावडरने, म्हणजे गावोगावच्या टाक्यांत पडणाऱ्या टीसीएलने, जंतू मरतात. फ्लोराइड जसेच्या तसे राहते. पाणी उकळले तर ते कमी होत नाही, उलट वाफ गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे; दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे. त्यापलीकडे वर्षानुवर्षे असे पाणी प्यालेल्या मुलांच्या दातांवर, दातांचे आवरण घडण्याच्या वयातच, पांढरे-तपकिरी डाग पडतात आणि ते आयुष्यभर जात नाहीत. प्रमाण आणि काळ वाढला की सांधे आखडतात, मणका ताठरतो. हाडांच्या या विकाराला उपचार नाही. पाणी बदलणे एवढाच प्रतिबंध आहे. आता सांगा, टीसीएल टाकलेले असे पाणी ‘शुद्ध’ म्हणावे की नाही? ठरावाच्या भाषेत ते शुद्ध आहे. प्रयोगशाळेच्या भाषेत तो प्रश्नच उद्भवत नाही, कारण तिथे विशेषण नसते, आकडा असतो.

फ्लोराइड हा शब्द कानावर पडताच आपल्या सुशिक्षित मंडळींना आठवतो तो अमेरिकेतला वाद. तो वाद नेमका उलट्या दिशेचा आहे. मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स या शहराने २५ जानेवारी १९४५ रोजी दात किडू नयेत म्हणून नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळायला सुरुवात केली. तेव्हापासून तिथल्या लहानमोठ्या नगरपरिषदा ‘घालावे की घालू नये’ यावर भांडत आल्या आहेत. तिथे २०१५ पासून शिफारस आहे लिटरला ०.७ मिलिग्रॅमची. २०२५ साली यूटा आणि फ्लोरिडा या राज्यांनी ते घालण्यावर बंदी आणली. त्याच वर्षी कॅनडातल्या कॅल्गरीने २०११ मध्ये थांबवलेले फ्लोराइड पुन्हा सुरू केले. या वादाच्या मराठी आवृत्त्या आपल्याकडे मोबाइलवरून फिरत असतात. कोणी टूथपेस्ट फेकून देण्याचा सल्ला देतो, कोणी पाश्चात्त्यांच्या कटाची कथा सांगतो. विदर्भाचा प्रश्न मात्र ‘घालावे का’ असा कधीच नव्हता. येथे निसर्गानेच ते घातलेले आहे, आणि प्रश्न ते काढण्याचा आहे. परकीय वादाचे भाषांतर करताना आपण प्रश्नच उलटा करून घेतला, ही भाषांतराच्या अभ्यासकांनी दखल घ्यावी अशी गोष्ट आहे.

भारतात या विकाराची शास्त्रीय नोंद १९३७ साली झाली, ती तत्कालीन मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातून. महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड हे जिल्हे या बाबतीत परिचित आहेत. भूगर्भ समजून घेतला तर कारणही उलगडते. बेसॉल्टात, म्हणजे दख्खनच्या काळ्या खडकात, फ्लोराइड सहसा कमी. ग्रॅनाइट व नाइस या जुन्या खडकांत फ्लोराइडयुक्त खनिजे अधिक. नागपूर या दोन प्रदेशांच्या सीमेवर आहे. पश्चिमेकडच्या हिंगण्याच्या पायाखाली बेसॉल्ट, तर शहराच्या पूर्वेला व त्याही पुढे दक्षिणेला खडक बदलतो. सार्वजनिक विहिरीतल्या दूषित पाण्याने पटकी-हगवण होते म्हणून, आणि १९७२ च्या दुष्काळानंतर पाणीच उरले नाही म्हणून, आपण खोल बोअरवेल खणल्या. जंतूंपासून सुटका झाली. मात्र खोलवरचे पाणी खडकात अधिक काळ मुरलेले असते, आणि खडक तसा असेल तर ते फ्लोराइड घेऊनच वर येते. तेव्हा ‘शुद्ध’ या शब्दाने दिलासा दिला आणि पुढच्या चौकशीची गरज संपवली.

या साऱ्यातला उपरोध असा की फ्लोराइड काढण्याची जगभर ठाऊक असलेली पद्धत नागपुरातच घडली. १९५८ साली येथे स्थापन झालेली आणि १९७४ पासून ‘नीरी’ या नावाने ओळखली जाणारी संस्था हिंगण्याहून तासाभराच्या अंतरावर आहे. तिने १९७० च्या दशकात ‘नलगोंडा तंत्र’ विकसित केले. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर पाण्यात घालून ढवळणे, गाळ खाली बसू देणे, वरचे पाणी गाळून घेणे, असे ते साधे तंत्र. पण तुरटी किती घालायची? ते पाण्यातल्या फ्लोराइडवर आणि पाण्याच्या आम्लारिधर्मावर ठरते. म्हणजे आधी आकडा हवा. कमी पडली तर फ्लोराइड राहते, जास्त झाली तर ॲल्युमिनियम पाण्यात उतरते. ‘योग्य त्या प्रमाणात’ या शब्दप्रयोगाने हे तंत्र चालत नाही. आपल्या ठरावांना आकड्याचे वावडे असेल तर नलगोंडा तंत्र शेजारी असून उपयोग नाही.

आता ‘शुद्ध’ या शब्दाचा इतिहास पाहू. त्यासाठी विदर्भ सोडून महाडला जावे लागेल, कारण मराठी प्रदेशात नगरपालिकेच्या ठरावाने आणि पाण्याने इतिहास घडवला तो तिथे. सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. त्यानंतर तीन वर्षे एकाही अस्पृश्याला त्या तळ्याचे पाणी घेता आले नाही. ठराव होता, पाणी नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचा समुदाय तळ्यावर गेला, आणि एका निर्जीव वाक्याला प्रथमच कर्ता मिळाला. यानंतर दोन गोष्टी घडल्या. सवर्णांनी पंचगव्याने तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. पुढे खटला चालला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल यायला १९३७ साल उजाडले.

आपण वर्गात २० मार्च शिकवतो, ते योग्यच आहे. परंतु जानेवारी १९२४ आणि ऑगस्ट १९२७ या दोन तारखा आपण शिकवत नाही. त्या शिकवल्या असत्या तर ठराव ही किती गंभीर संहिता आहे हे विद्यार्थ्याला कळले असते. ती करताही येते, न पाळताही येते, रद्दही करता येते, आणि या तिन्ही कृती मराठी वाक्यांनीच होतात. ज्या शब्दाने महाडात माणसाचा स्पर्श विटाळ ठरवला, तोच शब्द आज प्रत्येक गावाच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या फलकावर आहे. शब्दाला दोन अर्थ असू शकतात, हे मान्य. पण जुना अर्थ नव्यात शिरतोच. ‘शुद्ध’ हा होय-नाहीचा शब्द आहे: पाणी शुद्ध तरी असते किंवा अशुद्ध तरी. फ्लोराइड होय-नाहीत बसत नाही. ते किती, कोणाच्या पोटात, किती वर्षे, असे विचारावे लागते. ज्या भाषेत प्रमाणाऐवजी पावित्र्य बोलते, त्या भाषेत अडीच मिलिग्रॅमचा बोअर आणि अर्ध्या मिलिग्रॅमची विहीर एकाच विशेषणाखाली सुखाने नांदू शकतात.

‘शुद्ध’नंतर दुसरा दोष व्याकरणाचा. करण्यात यावी, घेण्यात यावा, कळविण्यात यावे. या रचनेत करणारा माणूस नाहीसा होतो. ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे असतात हे खरे, पण ती प्रस्ताव मांडणाऱ्यांची नावे. काम कोण करणार, कधीपर्यंत, हे त्यात नसते. चर्चा झाली असेल तर ती ‘साधकबाधक चर्चेअंती’ या दोन शब्दांत मिटते. विरोध कोणी केला, का केला, काय विचारले, याचा माग राहत नाही. वाक्‌कृतीचा सिद्धांत शिकवताना आपण ऑस्टिनची लग्नाची आणि जहाजाच्या नामकरणाची उदाहरणे देतो. महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायत व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ खाली झालेला ठराव हे त्याहून सरस उदाहरण आहे. त्या वाक्याने सार्वजनिक पैसा हलतो, आणि त्याच कायद्याच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्या वाक्याची अंमलबजावणी थांबवू शकतो. इतकी शक्ती असलेल्या वाक्याला कर्ता नसावा, हे आपल्याला खटकत कसे नाही?

यावर एक ठरलेले उत्तर मिळते. ही शासकीय मराठी आहे. १९६० नंतर भाषा संचालनालयाने परिभाषा घडवली, इंग्रजी कायद्याच्या साच्यात मराठी ओतली गेली, आणि कर्मणी रचना त्या साच्यातून आली. उत्तर अर्धे खरे आहे. परंतु मराठी गद्याला नोंद करणे इंग्रजीनंतर सुचले, असे म्हणण्यास काहीही आधार नाही. मराठीतला आद्य म्हणून मानला जाणारा गद्यग्रंथ याच विदर्भातला आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटाने रिद्धपूरला चक्रधरांच्या लीळा संकलित केल्या, त्या साक्षीदारांना विचारून. कोणत्या गावी, कोणापुढे, काय घडले, कोण काय बोलले, हे त्या गद्यात आहे; आणि दोन सांगणाऱ्यांच्या सांगण्यात फरक पडला तर तो फरक कोणाच्या नावे आहे हेही त्या परंपरेने जपले. सातशे वर्षांपूर्वीचे विदर्भातले मराठी मतभेद नावानिशी लिहू शकत होते. आज त्याच प्रदेशातल्या नगरपंचायतीचे मराठी ‘सर्वानुमते’ या शब्दापुढे जात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा लीळाचरित्राचा दाखला मोठ्या अभिमानाने दिला गेला. तो अभिमान ग्रंथाच्या वयाचा होता. त्याच्या पद्धतीचा अभिमान कोणाला वाटला असता, तर तिचा उपयोगही कोणी केला असता.

दुसरा आक्षेप साहित्यिकांचा. पाण्याचे दुःख साहित्याने मांडले आहे, तेवढे पुरे; नळाच्या व्यासात साहित्याने का शिरावे? इब्सेनचे ‘एनिमी ऑफ द पीपल’ (१८८२) आपल्या अभ्यासक्रमांत अनेकदा असते आणि सत्यजित राय यांचा ‘गणशत्रू’ त्याच्या जोडीने दाखवला जातो. ते नाटक आपण ‘एकटा माणूस विरुद्ध बहुमत’ असे शिकवतो. पण त्या नाटकात बहुमत फिरते ते कशामुळे? स्नानगृहाचे नळ नव्याने टाकण्याचा खर्च आणि त्यासाठी किमान दोन वर्षे स्नानगृह बंद ठेवावे लागणे, या हिशेबामुळे. प्रयोगशाळेचा अहवाल, नगराध्यक्ष, करदाते, वर्तमानपत्र, जाहीर सभा: इब्सेनने नाट्य शोधले ते नगरपालिकेच्या कारभारात. आपण मात्र त्यातला नळ काढून टाकला आणि तत्त्वज्ञान ठेवून घेतले. नळात शिरल्याने साहित्य लहान होत नाही, हे इब्सेनने सिद्ध करून १४० वर्षे उलटली.

भाषेवरून आपण नगरपरिषदांशी भांडतच नाही, असेही नाही. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवरील फलकावर मराठीबरोबर उर्दू असावी की नसावी, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने उर्दू फलक कायम ठेवला. फलकावर कोणती भाषा असावी यासाठी आपण वर्षानुवर्षे लढतो. इमारतीच्या आत जे मराठी लिहिले जाते ते कळते का, ते काही सांगते का, यासाठी कोणी जिल्हाधिकाऱ्याकडे एक अर्जही करत नाही. भाषेचा अभिमान दारावर संपतो.

याला एक राजकीय बाजू आहे, आणि ती हिंगण्यासारख्या गावी विशेष जाणवावी. ग्रामपंचायत असताना गावाला ग्रामसभा होती. तिथे मतदारयादीत नाव असलेली कोणीही बाई उठून बोअरच्या पाण्याबद्दल विचारू शकत होती, आणि तो तिचा हक्क होता. नगरपंचायत झाली की ग्रामसभा जाते. कायद्यात २००९ साली क्षेत्रसभेची तरतूद आली, पण ती भरलेली पाहिलेला वाचक विरळा. घटनेने सक्तीच्या केलेल्या प्रभाग समित्या ३ लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी आहेत. २०१९ साली सुरू झालेले जलजीवन मिशन आणि त्यातली गावातल्या महिलांच्या हाती दिलेली पाणी तपासणीची पेटी, हे सारे ग्रामीण भागापुरते. अर्थात संक्रमणातले गाव बोलण्याची जुनी जागा गमावते आणि नवी त्याला मिळालेली नसते. अशा वेळी नागरिकाच्या हाती उरतो तो एकच दस्तऐवज, सभेचे इतिवृत्त. त्यातही काही लिहिलेले नसेल तर त्याला पाण्याबद्दल विचारायला आधारच उरत नाही. राज्यातल्या अनेक नगरपरिषदांवर २०२२ च्या आसपासपासून डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांपर्यंत प्रशासक होते. तिथे तर सभाही नव्हती. ठराव एकट्या अधिकाऱ्याचे होते. इतिवृत्ताची भाषा मात्र बदलल्याचे कोणाला जाणवले नसेल. सभागृह असताना आणि नसताना जी भाषा सारखीच राहते, ती सभागृहाची भाषा नव्हेच.

हे सारे नगरसेवकांच्या माथी मारणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. ठराव लिहिणारा लिपिक आपल्याच महाविद्यालयांतून बाहेर पडलेला असतो. त्याला ‘व्यावहारिक मराठी’च्या अभ्यासपत्रिकेत आपण काय शिकवले? अर्जाचा नमुना, निमंत्रणपत्रिका, इतिवृत्ताचा साचा. साचा पाठ झाला की गुण मिळतात. आकडा कुठे लिहावा, कर्ता का लिहावा, विरोधी मत कसे नोंदवावे, हे आपण शिकवले नाही, कारण तो आपल्या लेखी वाङ्मयाचा प्रश्न नव्हता.

म्हणून सूचना दोन, आणि दोन्ही सहज करण्याजोग्या. पहिली नगरपंचायतींसाठी. पाण्याच्या प्रत्येक ठरावात पाच गोष्टी असाव्यात: स्रोत कोणता, नमुना कधी घेतला, फ्लोराइड व नायट्रेटसह तपासणीचे आकडे काय आले आणि मर्यादा काय, काम कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत. ‘शुद्ध’ हा शब्द या पाच गोष्टींनंतर वापरायचा तर वापरावा. तेव्हा बहुधा त्याची गरज उरणार नाही. दुसरी सूचना मराठी विभागांसाठी. एम. ए.च्या विद्यार्थ्यांना एका सत्रासाठी एका नगरपंचायतीची वर्षभराची इतिवृत्ते वाचायला द्यावीत. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार असे दस्तऐवज मुळात संस्थेने स्वतःहून खुले करायचे आहेत. न मिळाल्यास अर्ज करता येतो, आणि तो अर्ज चांगल्या मराठीत लिहिणे हाही प्रात्यक्षिकाचाच भाग धरावा. विद्यार्थ्यांनी त्यांत कर्ते शोधावेत, आकडे मोजावेत, ‘सर्वानुमते’ किती वेळा आले ते पाहावे. नागपूरच्या विद्यार्थ्यांना त्यासाठी फार दूर जावे लागणार नाही. लोकमान्य नगरला उतरून पुढे हिंगण्याला जाणारे वाहन धरावे, आणि नगरपंचायतीच्या कार्यालयात गेल्या वर्षीच्या पाणी तपासणीचा अहवाल कोणत्या ठरावासोबत सभेपुढे ठेवला होता, एवढे विचारावे.